पंडुमाआधीच्या शेंगा

“ओ भाऊ... ह्याच हातानं जेवता काय तुमी?”

प्रश्न शकूचा होता, पैज नीलाची होती. वच्छलाचं फक्त तोंड होतं. मुलींच्या बोर्डिंगमागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे जंगल खात्याची सागाची रोपवाटिका, आणि तिथं भुरभुर पावसात एक उंच, सावळा तरुण कोपरापर्यंत हात खताच्या ढिगात घालून उभा! आठ दिवस तिघी खिडकीतून त्याला पाहत होत्या. आज नीला म्हणाली होती, “विचारून दाखव. नाई तं तू भित्री.” आणि मॅट्रिकच्या वर्गात गेल्यापासून वच्छलाला दुसरं काहीही म्हटलेलं चालत होतं, भित्री म्हटलेलं चालत नव्हतं.

त्यानं आधी आपले हात पाहिले, मग तिला.

“हाव. ह्याच हातानं,” तो शांतपणे म्हणाला. “पन पहिले धुतो.”

मागे खिडकीत हसण्याची खसखस पिकली. वच्छलाचे कान तापले. खरं तर तिनं पळायचं... पण पाय हलेनात. त्यानं ओंजळभर काळंभोर खत उचललं आणि तारेतून पुढं केलं.

“वास घ्या.”

“शी! मी काऊन घेऊ?”

“विचाराची हिंमत आहे, अन् वास घ्याची नाई?”

तिनं डोळे मिटून नाक पुढं केलं. आणि — शेणाचा वास नव्हताच! मोहाच्या झाडाखालची ओली माती, कुजकी पानं, थोडासा धूर...

“हे तं जंगलावानी वासते!”

“जंगलच आहे थे. पाला, शेण, राख. वर्षभर सडू द्याचं, का झालं जंगल.” तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीनं आत जायचा. “अन् मले भाऊ नोका म्हणू. माझं नाव इतवारी.”

“मंग सोमवारी काय म्हणतेत तुमाले?”

“सोमवारीबी इतवारीच. पन तुमी कोनत्याबी वारी हाक मारा.”

वच्छला धूम पळाली.

गावात शाळाच उशिरा आली, म्हणून अठरा पूर्ण होऊनही ती अजून मॅट्रिकच्या वर्गात होती. आण्यांचे नवे पैसे झाले, ते हे वर्ष. घरच्या सात पिढ्यांत मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोट्टी, आणि त्याचा तोरा तिच्या वेणीच्या टोकापर्यंत पोचला होता.

तो तोरा दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या सुगंधाबाईंनी सगळ्या मुलींना ओट्यावर बसवलं. बाईंचा आवाज बसलेला होता. बोर्डिंगच्या ताटात रोज भात आणि वरण, वरण आणि भात. बाजारातली भाजी परवडत नव्हती. चार मुलींचे ओठांचे कोपरे फाटले होते, आणि एकीला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं, तेव्हा तिच्या बापानं तिला गाडीत घालून घरी नेलं होतं. आता बाकीच्यांच्या घरूनही पत्रं येत होती.

वच्छलाच्या बापाचंही आलं. गुणवंतराव तहसिलीत चपराशी. लिहायचे मात्र तहसीलदारासारखे. “धान कापून झाले की मार्गशीर्षात तुझी माय व मी येतो. तुझे ताट पाहीन. भाजी असेल तर राहशील. नसेल तर सामान बांधून ठेवावे. आष्टीचे स्थळ आले आहे.”

चार ओळी. वच्छलानं त्या चाळीस वेळा वाचल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कुंपणाशी उभी होती.

“मले भाजीची बाग कराची आहे. पैसा एकबी नाई.”

“पैसे कोन मागते? बागेले पाला पाहिजे, शेण पाहिजे, चुलीतली राख पाहिजे.” इतवारी तिच्याकडं पाहत राहिला. “अन् दम पाहिजे.”

नेमका दमच वच्छलाकडं नव्हता! मुलींनी टोपल्या भरभरून पालापाचोळा आणला, चुलीची राख साठवली, भांडी धुतलेल्या पाण्याला चर काढून वाफ्यांकडं वळवलं. इतवारीनं भेदराची, म्हणजे टमाट्याची, आणि वांग्याची रोपं दिली. बजावलं, “ताजं शेण टाकू नोका,” आणि तो चार दिवस साहेबाबरोबर जंगलात गेला. वच्छलानं विचार केला — थोड्या शेणानं रोप वाढते, तं जास्तीनं दुप्पट वाढन. लाकडाच्या डेपोतल्या बैलांचं आठ टोपल्या वाफाळतं शेण तिनं स्वतःच्या हातानं वाफ्यांत ओतलं.

आठवड्यात रोपं पिवळी पडली. मग करपली. कडेला पेरलेल्या चवळीवर माकडं उतरली, आणि एका दुपारी तीही संपली.

इतवारी परत आला तेव्हा ती वाफ्याच्या काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. त्यानं मातीत हात घातला. माती गरम होती.

“नुकतं दूध सुटलेल्या लेकराले कोनी पुरणपोळी चारते काय?”

ती रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. “भादवा आला... आता काय येईन? बाबा मले घेऊन जातीन. आष्टीले देऊन टाकतीन!”

त्यानं एक करपलं रोप उपटून बाजूला टाकलं. मग म्हणाला, “वाल येईन. उशीर झाला म्हणून वाल रुसत नाई.”

तो दहा कोस चालून आपल्या गावी गेला आणि वाळक्या भोपळ्याच्या तुंबडीत काळं-पांढरं बी घेऊन आला. तुंबडी तिच्या हातात द्यायच्या आधी थांबला.

“मायनं एक गोष्ट सांगतली. आमच्या गोंडाकडं पंडुम, नव्या पिकाचा सण, होईस्तोवर नव्या शेंगा खात नाई. पहिले गावदेवाले, मंग मानसाले. बी आमचं आहे, म्हणून हा नेम त्याच्यासंगच येते. तुमी पाळसान?”

“पंडुम कधी असते?”

“पौषात.”

बाबा मार्गशीर्षात येणार!  सांगावं का? सांगितलं तर तो दुसरं बी शोधत फिरेल, आणि दिवस तर उरलेच नाहीत... शेंगांनी लगडलेला वेल पाहून बाबा ऐकतील. ऐकतील ना?

“अन् कोनी पहिले खाल्ल्या तं?”

“मायले पंडुमात देवापुढं टोपलं ठेवता येनार नाई. एकटी बाई आहे. गावात मान खाली जाईन तिची.”

“पाळीन,” ती म्हणाली. “शप्पथ.”

दिवाळीला सगळ्या मुली घरी गेल्या, वच्छला गेली नाही. वेलांना पाणी कोण घालणार? सुगंधाबाई माहेरी न जाता तिच्यासाठी थांबल्या. वच्छला रोज पहाटे वेल मोजायची, माव्यावर राख भुरभुरायची, आणि दर वेलापाशी तिचा जीव टांगणीला लागायचा. परतीच्या पावसाची एक सर आली त्या दुपारी, ती आणि इतवारी वेलांच्या मांडवाखाली अंग चोरून उभे होते. पानांवरून पाणी टपटपत होतं. इतक्यात तिला पहिली शेंग दिसली, नखाएवढी.

“थे पाहा!”

“बोट वाकवा, बोट वाकवा!” तो ओरडलाच. “कवळ्या फळाले सरळ बोट दाखवलं का गळून पडते.”

तिनं झटकन बोट वाकवलं. मग हळूच ते त्याच्याकडं वळवलं — सरळ.

“अन् मानसाले दाखवलं तं?”

“तो तं पहिल्याच दिवशी पडला. हात शेणात होते, म्हणून सावरता नाई आलं.”

पाऊस थांबला. दोघांनाही ते कळलं नाही.

“मायले सांगतलं मी,” इतवारी जमिनीकडं पाहत म्हणाला.

“काय?”

“का... बी कोनाच्या हातात देऊन राह्यलो थे. माय म्हणे, पंडुमाले आण तिले. पहिल्या पंगतीत बसव.”

“पहिल्या पंगतीत कोन बसते?”

“घरची मानसं.”

वच्छलाच्या ओठांवर हो आलं होतं... पण तिला बाबांची चार ओळींची चिठ्ठी आठवली. ती एवढंच म्हणाली, “जवाब पंडुमाच्या आधी देईन.” आणि त्या दिवसापासून तिला एका भीतीच्या जागी दोन झाल्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती मोटार-स्टँडवरून माय-बाबांना घेऊन आली. वाटेभर तिनं मनातल्या मनात भाषण घोकलं — बाबा, ताट नोका पाहू, पहिले वेल पाहा. पण गुणवंतराव दारातूनच म्हणाले, “पहिले जेवू. मी ताट पाहाले आलो आहे.”

पाट मांडलेले होते. वच्छला आत वळली आणि तिथंच थिजली. शकू हसत हसत ताट घेऊन येत होती. ताटात भात, वरण... आणि वालाच्या शेंगांची मसालेदार, कोथिंबीर पेरलेली भाजी!

“तू स्टँडवर गेली, तवा तोडल्या,” शकू तिच्या कानाशी कुजबुजली. “इतवारीले कोन सांगते? तुले जाऊ देऊ काय आमी?”

“वा!” बाबांचा चेहरा उजळला. “वच्छीची माय, पाहा तं. भाजी आहे पोट्टीच्या ताटात! राहू दे तिले.”

मायनं सुटकेचा निःश्वास टाकला. सुगंधाबाईंनी डोळे पुसले. वच्छलानं फक्त गप्प राहायचं होतं. एक घास... एवढंच. मॅट्रिक वाचत होतं, बोर्डिंग वाचत होतं, आष्टीचं स्थळ टळत होतं. बाबांनी भात कालवला. शेंग उचलली. आणि वच्छलाला दहा कोसांवरची एक बाई दिसली, कधीही न पाहिलेली, रिकामं टोपलं घेऊन देवापुढं उभी.

तिनं बाबांचं मनगट धरलं.

“बाबा, नोका खाऊ!”

घास भातात पडला.  आजवर त्यांच्या घरात बापाचा हात कुणी धरला नव्हता.

“येडी झाली काय वो?” माय ओरडली.

“हे बी आपलं नाई. गोंडाच्या घरचं आहे. त्यांचा पंडुम झाल्याबिगर ह्या शेंगा खाता येत नाई. मी शप्पथ घेतली आहे.”  शकूनं तोंडावर पदर घेतला होता. “शकू, सगळी भाजी उचल. कोनीच खाल्ली नाई ना अजून?”

शकूनं रडत ‘नाई’ म्हणून मान हलवली.

“कोन्या पोट्ट्यासाठी बापाच्या तोंडचा घास काढला तू?” गुणवंतराव उठले. त्यांचा आवाज हळू होता, म्हणून जास्त भीती वाटत होती.

“इतवारी नाव आहे त्याचं. रोपवाटिकेत आहे. बी त्यानं देल्लं, बाग आमी केली.”

“समजलं मले. सामान बांध.”

माय दोघांच्या मध्ये आली. लेकीकडं नीट, फार नीट पाहिलं. “वच्छे... नुसत्या बियाचीच गोष्ट आहे काय, बाई?”

 वच्छला ताठ उभी राहिली.

“नाई माय,” ती म्हणाली. “बाबा, रागवा, पन ऐका. मी सामान बांधनार नाई. भाजी वेलावर आहे, पंडुमानंतर रोज ताटात येईन. मी इथीच राहीन, मॅट्रिक होईन, अन् मंग लगन करीन थे इतवारीसंगच. येत्या पंडुमाले त्याच्या मायनं मले पहिल्या पंगतीत बोलावलं आहे. त्याले अजून मी हो म्हटलं नाई. पहिले तुमालेच सांगून राह्यली. मी जानार आहे, बाबा. तुमी दोघंबी या.”