आजोबांनी राखून ठेवलेला फोटो

“गेला! हाही गेला!” व्यापारी एकेक कॅमेरा खोक्यात टाकत होता.

दाराच्या फटीतून बघणाऱ्या गोट्यानं ताईला कोपर मारलं. “लबाड आहे हा! कळ दाबतो, कानाला लावून ऐकतो, गालात हसतो आणि मग म्हणतो, गेला!”

“भंगार नेणारा कॅमेरा कानाला लावून बघेल कशाला?” ताई कुजबुजली.

सुट्टी लागायच्या आधीच आजोबा गेले होते. बंद पडलेले जुने कॅमेरे दुरुस्त करायचा त्यांना भारी नाद! बारीक स्क्रू बशीत मांडून तासन् तास बसायचे. आता खोली रिकामी करायची म्हणून काकांनी सगळे भंगारात काढले होते. बघायला फुरसत कुणाला? काकांचा फोन कानाला चिकटलेला!

ताई, गोट्या आणि धाकटी ठमी, तिघं आत घुसली. “काका, हे चालतात!”

“आजोबांची हौस होती ती, बाळांनो,” व्यापारी गोड हसला. “एकही चालत नाही.”

“त्यांना कळतं त्यातलं. लुडबुड नको!” काका म्हणाले.

ताईनं फडताळाकडे पाहिलं. तिथला कॅमेरा कळ दाबताच फोटो बाहेर काढायचा. त्याची फिल्म बनायची केव्हाच बंद झाली होती. आजोबांनी कुठूनशी मिळवलेल्या पाकिटातला एकच फोटो उरला होता, नातवंडांसाठी राखलेला. आज संध्याकाळी आजोबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून तिघं तो काढणार होती.

ठमीनं ताईचा हात धरला. “नको ना गं! तो आपला आहे!”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “पण बाकीचे सगळे जातील.” तिनं कॅमेरा उचलला. “काका, हाही गेलाय का?”

काकांच्या आधी व्यापारीच बोलला, “केव्हाच गेलाय!”

खट्! खर्रर!

फोटो बाहेर आला. हळूहळू त्यात व्यापारी उमटला, आ वासलेला! काकांनी फोन बंद केला, खोक्यातला एक कॅमेरा काढून कळ दाबली. मग दुसरा. मग तिसरा. तोवर व्यापाऱ्यानं काढता पाय घेतला होता.

“शाब्बास रे वाघांनो!” काका म्हणाले. “मी आंधळ्यासारखा सगळं देऊन बसलो होतो! आणि ही का रडतेय?”

“त्यात आम्ही येणार होतो,” ठमी हुंदके देत म्हणाली. “आजोबांनी आमच्यासाठी ठेवला होता. आता दुसरा नाही.”

“मला सांगितलं का नाही, बाळा?”

“तुम्ही ऐकलं असतं?” ताईनं विचारलं.

काकांनी ठमीला जवळ घेतलं. आजोबा गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडले.