मागे कपाट मावेल का?

ती जिना उतरून खाली आली, तेव्हा तिच्या व्हॅनमध्ये एक अनोळखी माणूस कपाट चढवत होता.

चोर असावा, असं तिला क्षणभर वाटलं. पण चोर कपाट नेतात, आणून ठेवत नाहीत. शिवाय तो कपाटाशी बोलत होता. "जरा डावीकडे… हं… शहाणं आहेस," असं लाडीगोडीने म्हणत त्याने ते लाकडी धूड आत सरकवलं, दोरीने आवळून बांधलं आणि मागे वळून पाहिलं. कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात खडूचे दोन तुकडे, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू कपाट त्यानेच लहानाचं मोठं केलंय.

"तुम्ही वेळेवर आलात," तो म्हणाला. "माझ्यासाठी कुणी वेळेवर यायची ही पहिलीच वेळ."

ही माझी खासगी गाडी आहे, कपाट उतरवा – हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकापर्यंत तयार होऊन आलं होतं. बाहेर पडता पडता त्याचं "कुठे जायचंय?" झालं.

आता, गाडी खासगी आहे हे बघणाऱ्याला कळावं तरी कसं? पांढरी, लांबुडकी, मागे एकही खिडकी नसलेली मालवाहू व्हॅन, मागच्या दाराचं कुलूप कधीच बिघडलेलं. तिचे बाबा गाद्या विकायचे, त्यांची ती गाडी. बाबा गेले, दुकान गेलं, गाडी राहिली. ती शिकली याच गाडीवर, तिच्या पायांना हाच क्लच माहीत. आत पुढे दोन सीटा, आणि पाठीमागे पत्र्याची भिंत. एक टन माल वाहायला जन्माला आलेली ही गाडी रोज सकाळी चार कवळ्या घेऊन शहर ओलांडायची. कारण ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. सगळे तिला कवळीवालीच म्हणायचे. आई म्हणायची, एखादी छोटी मोटार घे, माणसासारखी. तुझ्या या गाडीत बसलं की आपण गादी असल्यासारखं वाटतं.

ज्याच्याकडे व्हॅन असते त्याला माणसं खूप असतात, आणि त्या सगळ्यांना घर बदलायचं असतं. आत्या, मामेबहीण, मामेबहिणीची शेजारीण. फोनवर आधी "कशी आहेस?" आणि ती कशी आहे हे सांगायच्या आत, "मागे कपाट मावेल का?" एक देखणा हिशेबनीस तिला दोनदा चहाला घेऊन गेला होता. तिसऱ्यांदा त्याने बोलावलं ते कपडे धुवायचं मशीन न्यायला. मशीन त्याच्या होणाऱ्या बायकोचं होतं. तिने ते न आदळता पोचवलं, जिन्यावरून चढवायला हातही लावला, आणि घरी येऊन रडून घेतलं. एकदाच, पण नीट. त्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. लोकांना ती नको असते, तिच्या पाठीमागची जागा हवी असते.

तर कपाट निघालं. बारीक पाऊस पडत होता आणि काचेवरचा एकच वायपर काम करत होता – तिच्या बाजूचा. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणून तो तिच्याकडे बघत होता. तिला हे मान न वळवताही कळत होतं. तिसऱ्या सिग्नलला त्याचा फोन वाजला.

"हो, बोला," तो म्हणाला. "काय? खाली उभे आहात? कसं शक्य आहे, मी तर तुमच्याच गाडीत…" मग तो थांबला, फोन हळूच मांडीवर ठेवला आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत ओल्या काचेतल्या धूसर लालकडे बघत राहिला.

"ही गाडी कुणाची?"

"माझी."

"आणि तुम्ही…?"

"मी कवळ्या करते. तुमच्या पायाशी डबा आहे, लाथ मारू नका. त्यात एका निवृत्त न्यायाधीशांचं हसू आहे."

त्याने डबा उचलून मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला. मग तो अगदी हळू म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कपाट चढवून झालं होतं. एकट्याने उतरवताना तुम्ही मेला असतात."

"म्हणजे माझ्या जिवासाठी."

"फुटपाथवर माणूस मेला की माझी गाडी अडकते," ती म्हणाली. आणि तिला स्वतःलाच कळेना, आपण हे हसत का म्हणालो.

तो बदली मास्तर होता. कुणी गणिताचा शिक्षक आजारी पडला, कुणाला बाळ झालं, कुणाचा पाय मोडला, की त्या जागी चार-सहा महिने हा. शाळा बदलली की खोली बदलायची. कुठल्याच शाळेत त्याच्या नावाचं कपाट नव्हतं, म्हणून तो स्वतःचं घेऊन हिंडायचा. कायमची नोकरी मिळाली की पहिल्यांदा काय करणार, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, भिंतीत खिळा ठोकणार. आजवर एकाही घरात ठोकलेला नाही.

पुढच्या वर्षभरात त्याने तीनदा घर बदललं आणि तिन्ही वेळा तिलाच फोन केला. ती दिवस मोजायला लागली. एका शाळेतल्या गणिताच्या बाईंना जुळं होणार असं कळलं, तेव्हा तिला एवढा आनंद झाला की कामावरच्या बाईने विचारलं, तुझ्या कोण लागतात त्या? तिचं प्रेम अनोळखी माणसांच्या मोडक्या पायांवर उभं होतं. याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही ती मनातल्या मनात जिने निसरडे करत असायची.

गाडीत मात्र काही म्हणजे काही घडत नव्हतं. तो डबा मांडीवर घेऊन बसायचा, आज कुणाचे दात आहेत विचारायचा. ती सांगायची. वळणावर त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकायचा आणि दोघेही वळणाला दोष द्यायचे. घर आलं की कपाट उतरायचं, तो "उपकार झाले" म्हणायचा, आणि परत येताना तिला मागच्या पत्र्याचा सगळा रिकामा आवाज ऐकत यावं लागायचं. तो तरी कशाला बोलावतो? कपाट मावतं म्हणून.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा तिने आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. म्हणाली, गाडी मोडलीय. महिनाभर तरी होणार नाही.

तिला बघायचं होतं, गाडी नसतानाही हा फोन करतो का. तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. आठवड्यात आला नाही. पाच आठवडे ती कवळ्या बनवत राहिली, आणि त्या काळात तिने बनवलेला प्रत्येक जबडा थोडा उदास झाला. एका आजोबांनी तक्रारही केली की नवे दात बसवल्यापासून मला कुणी विनोद सांगत नाही. आई म्हणाली, काय झालंय तुला? ती म्हणाली, गाडी मोडलीय. आई खिडकीतून खाली उभ्या असलेल्या धडधाकट गाडीकडे बघून आली आणि पुढे काही विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात फोन आला. गाडी झाली का नीट? मग परवा येता का, पुन्हा घर बदलतोय. ती गेली. नुसती खोकी होती, सगळ्यांवर 'पुस्तकं' असं लिहिलेलं. तीन महिन्यांनी पुन्हा तसंच. कपाटाचं तिने विचारलं नाही. बहुतेक विकलं असेल, आणि विकलं तर तिला काय त्याचं.

आणि मग त्याला कायमची नोकरी लागली. परदेशात, समुद्रापलीकडच्या एका शाळेत, चार वर्षांचा करार. फळ्याशेजारी कुलूप लावायचं कपाट, घराच्या भिंतींत हवे तेवढे खिळे. त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अभिनंदन. हा शब्द तिने एवढा स्वच्छ उच्चारला की आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिला एकटीलाच ऐकू गेला. जाऊ नका, असं म्हणता आलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर एक खिळा ठोकायची वाट पाहिली, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार – हातोडी खाली ठेवा म्हणून?

"विमानतळावर सोडाल का?" तो म्हणाला. "सामान आहे."

ती दोऱ्या घेऊन गेली, बाबांच्या जुन्या चादरी घेऊन गेली. खोली रिकामी होती. मधोमध तो, दोन बॅगा, आणि एक स्टूल.

"सामान?"

"हे काय."

"स्टूल विमानात नेणार?"

"नाही. घरमालकाचं आहे." तो खाली बघत होता. "चोरतोय."

तिने पुढे विचारलं नाही. एखादा माणूस देश सोडताना बिथरतो, असं तिला वाटलं. तिने स्टूल चादरीत गुंडाळलं, एक टनाच्या गाडीत मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी दोऱ्या ओढून बांधलं. इतकं नीट तर तिने ते मशीनही बांधलं नव्हतं.

विमानतळाच्या दारात गणवेशातल्या माणसाने तिला हाताने उजवीकडे वळवलं. मालवाहू गाड्या मागच्या फाटकाने. तिने सांगून पाहिलं, प्रवासी सोडायचाय.

"गाडी मालाची आहे ना?"

"गाडी मालाची आहे, माणूस माणसाचा आहे."

"गाडी बघून सोडतात बाई, माणूस बघून नाही."

म्हणून त्यांचा निरोपाचा प्रसंग मालाच्या फाटकावर झाला. दोन्ही बाजूंना खोक्यांचे ढीग, मागे ट्रकांची रांग. खिडकीतला पहारेकरी वही घेऊन बसला होता.

"काय उतरवायचंय?"

तिने शेजारी पाहिलं. "हे."

पहारेकऱ्याने मास्तरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन?"

"बासष्ट," मास्तर म्हणाला.

"नाशवंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाशवंताची खिडकी वेगळी आहे," पहारेकरी म्हणाला. "लवकर सांगा."

"टिकाऊ लिहा," ती म्हणाली. त्याने लिहिलं, आणि उतरवायला दहा मिनिटं दिली.

दोन बॅगा उतरवायला अर्धं मिनिट लागतं. त्यांनी सहा लावली. मग तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "माझं कपाट हरवलं."

"कधी?"

"तुमची गाडी मोडली होती तेव्हा. दुसरा टेम्पो केला. ते लोक कुठल्यातरी भलत्याच गावी उतरवून आले. मी शोधलं नाही… शोधलं, पण थोडंच." त्याने पट्टा पुन्हा आवळला. "मग प्रश्न पडला, की आता तुम्हाला फोन कशासाठी करायचा. कपाट होतं म्हणून बोलावता येत होतं. पाच आठवडे काढले तसेच. शेवटी खोकी आणली."

"पुस्तकांची."

"रिकामी होती."

"मला वाटलं, तुम्ही हलकंफुलकं वाचता," ती म्हणाली.

"या वेळी खोकी मिळाली नाहीत," तो म्हणाला. "फक्त दोन बॅगांसाठी एवढी मोठी गाडी बोलवायची म्हणजे… तुम्हाला संशय आला असता. म्हणून ते स्टूल."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ती हळूच म्हणाली, "गाडी मोडली नव्हती."

"काय?"

"मोडली नव्हती. गाडी नसताना तुम्ही फोन करता का, ते बघायचं होतं."

"मला वाटलं, तुम्ही कंटाळलात मला," तो म्हणाला. "म्हणजे आपण दोघं… हे सगळे महिने…"

"हो," ती म्हणाली. "दोन महिने जुळ्यांवर घालवले मी. त्या बाईंसाठी प्रार्थना केली."

तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. त्याने तिचा हात धरला. तिच्या हाताला कवळ्यांच्या साच्यातल्या प्लॅस्टरची पांढरी भुकटी होती, त्याच्या बोटांना खडूची, आणि कुणाचं कुणाला लागलं ते सांगता आलं नसतं. थांबू का, असं त्याने विचारलं. तिने मान हलवली. नाही म्हणून. थांबला असता तर पुन्हा कुणाचा तरी पाय मोडायची वाट बघत बसला असता, आणि कधीतरी तिच्याकडे बघताना त्याला न ठोकलेला खिळा दिसला असता. हे तिने बोलून दाखवलं नाही. नुसतं म्हणाली, "प्रवाशांचं दार इथून एक किलोमीटर आहे. चालायला लागा."

तो गेला. दोन बॅगा, वाकलेले खांदे, खोक्यांच्या ढिगांमधून लहान लहान होत. एकदा वळून पाहिलं, तेवढ्यात मध्ये ट्रक आला.

पहारेकऱ्याने बाहेर येऊन मागचं दार उघडायला लावलं. गाडी रिकामी झाली की नाही ते बघायचा नियम होता. आत मधोमध, चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेलं, चादरीतलं स्टूल. त्याने स्टुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. डोळे पुसायला तिच्याकडे फक्त ती चादर होती. पहारेकऱ्याने वहीत 'रिकामी' असं लिहिलं आणि काही न विचारता खिडकीत जाऊन बसला.

फोन वाजला तेव्हा ती गाडीच्या पायरीवर बसली होती.

"पोचलो दारापर्यंत," तो धापा टाकत म्हणाला. "ऐका… ते स्टूल परत करू नका. घरमालक मला फोन करेल. मग त्या निमित्ताने मला तुम्हाला करता येईल."

तिने डोळे मिटले. चार वर्षं. चार वर्षं म्हणजे किती कवळ्या, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिने तो अर्ध्यातच सोडला.

"स्टूल मी आजच परत देणार आहे," ती म्हणाली. "तू असाच फोन कर."