दुपारी तीनचं मृत्युपत्र

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, मला वाद घालायचा नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी, स्तामाता. ती अजून जिवंत आहे. माझ्याच घरात, मागच्या खोलीत राहते.

रात्रीची गोष्ट नाही ही. काळोख नाही, वादळ नाही.

२०११ सालचा जुलै महिना. अथेन्सच्या दक्षिणेला, कालामाटा शहराच्या वरच्या डोंगरातलं व्रिसोला गाव. आणि वेळ भर दुपारी तीनची.

आमच्याकडे तीन ते पाच कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. खिडक्यांच्या झडपा लावून सगळं गाव झोपतं. कुत्रीही सावली धरून पडतात. म्हातारी माणसं सांगतात, या वेळेला अंजिराखाली बसू नये, विहिरीत डोकावू नये.

मावशी यावर हसायची.

आता हसत नाही.

मावशी ऐन चाळिशीत विधवा झाली. दोन वर्षांनी ती ख्रोनिसच्या घरी राहायला गेली. पोलिख्रोनिस हे त्याचं पूर्ण नाव, पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? त्यांनी लग्न केलं नाही. लग्न केलं की विधवेचं पेन्शन बंद! आमच्या भागात अशी कितीतरी जोडपी आहेत. पाद्रीसुद्धा काणाडोळा करतात.

बावीस वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली. त्याच्या ऑलिव्हच्या सत्तर झाडांपैकी चाळीस तिने काटेरी रानातून मोकळी केली. घराला चुना तिने लावला. त्याच्या आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं.

कागदोपत्री मात्र ती त्याची कुणीच नव्हती.

खरं तर हे काम किती सोपं! मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. खाली तारीख घालायची आणि सही करायची. वकील नको, शिक्का नको. फक्त एक कागद आणि पाच मिनिटं.

"लिही की रे ते एकदाचं," मावशी म्हणायची.

"आलीस का पुन्हा तिथेच? मला पुरायची एवढी घाई झालीय तुला?"

"तुला पुरल्यावर मी कुठे जाऊ, ते सांग."

"थू थू थू!" तो स्वतःच्या छातीवर तीनदा थुंकल्यासारखं करायचा. "माझ्या काकाने सोमवारी मृत्युपत्र लिहिलं आणि गुरुवारी गेला. त्या कागदाने मारलं त्याला."

"कागदाने नाही, एक्क्याण्णव वर्षांनी मारलं!"

"बरं बाई, ऑलिव्ह उतरू दे. मग लिहितो."

ऑलिव्ह उतरले. मग म्हणाला, ईस्टर होऊ दे. मग म्हणाला, छप्पर दुरुस्त होऊ दे. असे बावीस ईस्टर झाले.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. भित्रा होता मेला!

मे महिन्यात अंगणात कॉफी पिताना त्याच्या हातातून कप पडला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू पूर्ण गेली आहे, हा हात आता हलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसली होती. तिला आवाज आला...

खर्र... खर्र...

तिने खाली बघितलं. उजव्या हाताचं बोट चादरीवर सरकत होतं. डावीकडून उजवीकडे. कडेला पोचलं की परत डावीकडे. ओळीमागून ओळ.

मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

प्रेमाने नाही. रागाने. जणू उशीर तिनेच केला होता.

संध्याकाळी तो गेला.

चाळिसाव्या दिवशी त्याच्या स्मरणविधीला वाटायचे उकडलेले गहू, साखर, डाळिंबाचे दाणे सगळं मावशीनेच केलं. त्याची बहीण एव्दोकिया अथेन्सहून आली. ती गव्हाची वाटी हातात धरून घरभर फिरली. मग म्हणाली,

"स्तामाता, तुझं सामान किती आहे गं?"

"कसलं सामान?"

"तुझं. भांडी आईची आहेत, ती राहू देत. पंधरा ऑगस्टपर्यंत राहा हवं तर. मी काही वाईट बाई नाही."

"बावीस वर्षं झाली मला इथे, एव्दोकिया."

"मग? कुणी हाकललं का बावीस वर्षांत? आता घर आमचं. तुझ्याकडे कागद असेल तर दाखव, मी आत्ता परत जाते."

मावशीकडे कागद नव्हता. ती वाट्या विसळत राहिली.

जुलैत उन्हाचा कहर झाला. मावशी दुपारी झडपा लावून आडवी व्हायची. झोप लागत नव्हती. घराबाहेर पडल्यावर जायचं कुठे, हाच घोर.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला...

खुर्ची ओढल्याचा.

तिला वाटलं मांजर असेल. उठून बघितलं. मांजर बाहेर अंगणात झोपलं होतं. टेबलाजवळची ख्रोनिसची खुर्ची मात्र बाजूला ओढलेली होती, माणूस बसायला ओढतो तेवढी.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढली गेली. आणि मग...

खर्र... खर्र...

हा आवाज तिने दवाखान्यात ऐकला होता. ती उठली नाही. उशी कानावर दाबून पडून राहिली. आवाज पाच वाजेपर्यंत चालू होता.

तिसऱ्या दिवशी तिने टेबलावर वही ठेवली, पेन ठेवलं आणि आत जाऊन पडली. पाच वाजता येऊन बघितलं. कागद कोरा होता. पण बोट फिरवलं तर त्यावर ओळीच्या ओळी दाबलेल्या लागत होत्या. नुसत्या खुणा. शाईचा एक ठिपका नाही.

चौथ्या दिवशी मावशीचं डोकं फिरलं.

ती स्वभावाने मऊ बाई आहे. पण त्या दिवशी ती भर तीन वाजता टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "आता लिहितोस? जिवंत होतास तेव्हा हात झडला होता का तुझा?"

खर्र थांबलं.

खुर्ची थोडी मागे सरकली...

"लिही ना मग! हा घे कागद!" तिने पेन उचललं आणि कोऱ्या पानावर आपटायला गेली.

पेन आपटलं नाही.

तिच्या मनगटावर थंडगार पकड बसली. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, विहिरीतल्या दगडासारखी थंड. पकडीने तिला खाली ओढलं. ती खुर्चीत बसली.

आणि तिचा हात लिहू लागला.

ती सांगते, हात माझा होता, पण मला विचारत नव्हता. तिने पेन सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. जितकी ती ओढायची, तितकी पकड आवळायची. शेजारी कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. रागावलेल्या माणसाचा श्वास.

पान भरलं. हात सुटला. मनगटावर पाच बोटांचे निळे वळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती माझ्याकडे कालामाटाला आली. कागद पिशवीत घडी करून आणला होता.

मी वाचला. "मी, पोलिख्रोनिस, शुद्धीवर असताना..." घर स्तामाताला. झाडं स्तामाताला. विहीर, भट्टी, अंगण, सगळं स्तामाताला. एकही चूक नाही. खाली सही. अक्षर त्याचंच होतं, तिरकं, दाबून काढलेलं. मी ते ओळखते, माझ्या लग्नाच्या भेटीवर त्यानेच नाव घातलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी तारीख बघितली.

"मावशी, ही तारीख कालची आहे."

"मग?"

"तो मे महिन्यात मेला, मावशी."

तिने कागदाची पुन्हा नीट घडी घातली. मग पिशवी उचलून परत गावाला गेली. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, हे मी आजही स्वतःला ऐकवते.

त्यानंतर रोज तीन वाजता ती स्वतःहून टेबलाशी बसू लागली. "एप्रिल लिही," ती विनवायची. "ख्रोनिस, राजा, एवढं ऐक. एप्रिल लिही."

रोज पान भरायचं. आणि रोज तारीख त्या दिवसाची पडायची.

मेलेल्याला खोटं लिहिता येत नाही की काय, कोण जाणे. किंवा आपण मेलोय हेच त्याला मान्य नव्हतं. जिवंतपणी तरी कुठे मान्य केलं होतं त्याने मरण?

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिने एक धाडस केलं. हात तारखेपाशी आला, तेव्हा तिने डाव्या हाताने उजवा हात धरला आणि सगळं वजन टाकून "एप्रिल"चं पहिलं अक्षर काढायला लागली.

शेजारचा श्वास थांबला...

मग कट् असा आवाज झाला.

तिची करंगळी मागे वळली होती. आणि मोडलेल्या करंगळीसकट हाताने तारीख पुरी केली, ऑगस्टची. शेवटच्या आकड्याला कागद फाटला.

पंधरा तारखेला एव्दोकिया किल्ली घेऊन आली. टेबलावरचा गठ्ठा तिने उचलला. पहिला कागद वाचताना तिचा चेहरा पांढरा पडला. भावाचं अक्षर बहीण ओळखणारच. ती मटकन खुर्चीत बसली.

मग तिची नजर तारखेवर गेली आणि ती हसली.

"नक्कल करायची तर थोडं डोकं वापरायचं, बाई."

"मी नाही लिहिलं. तो रोज येतो, एव्दोकिया. आज तीनपर्यंत थांब, तूच बघ."

"पोलिसांना बोलावू का? की गुपचूप निघतेस?"

सगळे कागद तिने अंगणातल्या भट्टीत घातले. मावशी एक सुटकेस घेऊन निघाली. मी गाडी घेऊन गेले होते. वळणावर मी आरशात पाहिलं. त्या घराची स्वयंपाकघराची झडप आतून जोरात आपटत होती. वारा अजिबात नव्हता.

एव्दोकियाने ते घर पुढे विकलं. ती तिथे एकही दुपार राहिली नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

माझ्या घरी मावशीला पहिल्या दुपारी शांत झोप लागली. दुसऱ्या दुपारीही. मला वाटलं, सुटली.

मावशीच्या नावावर माहेरची एक छोटी द्राक्षबाग आहे. तिला मूल नाही. माझी आई केव्हाच गेली. तिचा भाऊ मेलबर्नला, तीस वर्षांत त्याचा साधा फोन नाही. ती बाग मला द्यायची असं तिनेच ठरवलं होतं. हिवाळ्यात मी म्हटलं, "मावशी, तुझं तरी लिहून ठेव. आपण शिकलो ना आता?"

"मी काही त्याच्यासारखी नाही," ती म्हणाली. "आण कागद. आत्ताच लिहिते."

सकाळचे दहा वाजले होते. मी कॉफी ठेवायला आत गेले. दोन मिनिटांत तिची हाक आली. हाक कसली, विव्हळणंच.

कागदावर तिने "मी" लिहिलं होतं, तिच्या गोल अक्षरात. त्यापुढचं अक्षर तिरकं होतं. दाबून काढलेलं.

"मी, पोलिख्रोनिस, शुद्धीवर असताना..."

सात वेळा लिहून पाहिलं तिने. किराण्याची यादी लिहिली, तर तिच्या अक्षरात. माझ्या मुलीला वाढदिवसाचं कार्ड लिहिलं, तेही तिच्या अक्षरात. मृत्युपत्र लिहायला घेतलं की तो.

मी हार मानली नाही. नोटरीपुढे, तीन साक्षीदारांसमोर तोंडी सांगून मृत्युपत्र करता येतं. तिथे हात लागतच नाही! मी मावशीला नवा कोट घातला आणि घेऊन गेले. मला आत बसू देणार नव्हते, पण दार अर्धं उघडं होतं.

नोटरीबाई गोड बोलणारी होती. "घाबरू नका, आजी. आधी तुमचं पूर्ण नाव सांगा."

मावशीने श्वास घेतला. तिच्या नेहमीच्याच आवाजात, स्पष्ट, ती म्हणाली,

"पोलिख्रोनिस."

साक्षीदारांपैकी कुणीतरी हसलं.

"त्यांचं नाही आजी, तुमचं," नोटरीबाई म्हणाली.

"पोलिख्रोनिस."

मावशीने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. हाताच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे बघत होते, आणि ते डोळे तिचेच होते, घाबरलेले. तरीही बोटांच्या आडून तेच नाव येत होतं, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जास्त चिडून...

नोटरीबाईने पेन खाली ठेवलं. मानसिक स्थिती ठीक नाही, असं तिने मला बाहेर येऊन हळूच सांगितलं.

मावशी ठणठणीत आहे. बाजारात, चर्चमध्ये, दवाखान्यात कुणीही नाव विचारलं तर स्तामाता म्हणून नीट सांगते. बाग आता माझ्यात आणि तिच्या मेलबर्नच्या भावात वाटली जाईल. तशी ती मला नकोशीच झाली आहे.

तुम्ही विचाराल, ताई, तुम्ही तुमचं लिहिलं का?

मागच्या रविवारी बसले होते. घर मुलीच्या नावे करायचं आहे, दुसरं काही नाही. पाच मिनिटांचं काम. दिवसाउजेडी, खिडक्या सताड उघड्या ठेवून बसले.

"मी" लिहिलं.

आणि पेन ठेवून दिलं. पुढे कुणाचं नाव येईल, याची भीती वाटली.