उष्ट्या पाण्याची हाक

प्रेम जमायला बाग लागते म्हणणाऱ्यांनी जंतूंच्या प्रयोगशाळेतली थंड खोली पाहिलेली नाही. तिथे गारठा असा, की तोंडातून निघालेला शब्द ठण्णकन फरशीवर पडावा. तिथे एका सकाळी दोघांनी एकाच फळीकडे हात नेला, हातमोज्याला हातमोजा भिडला, आणि दोघांचंही "माफ करा" बहुधा अजून तिथेच गोठून पडलंय.

ती तिथली जुनी संशोधक. धरलेलं सोडायची नाही, म्हणून सगळे तिला घोरपड म्हणत. तो नुकताच आलेला, म्हणून नुसता नवा. घोरपडीचं काम बंद पडलं तर तिचं टेबल या नव्यालाच मिळायचं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी येताजाता तो हसायचा, आणि ती... ती ओठ दाबून हसायची.

तिचे जंतू रोगाचे. असा जंतू एकटा असला की भित्रा. पाण्यात एक रसायन सोडून तो हाक मारतो, 'मी आहे रे!' हाका दाट झाल्या की गर्दी जमली असं समजून सगळे मिळून तुटून पडतात. पण जंतूच्या पोटात आरएनएचा एक चिमुकला तुकडाही असतो. हल्ल्याचा हुकूम घेऊन निघालेल्या निरोप्याला तो असा चिकटतो, की निरोप पोचतच नाही. गर्दी वाढली की हा तुकडा बनायचा थांबतो. घोरपडीने असे जंतू घडवले होते, की तो बनायचा थांबूच नये. आणि खरंच, ते भर गर्दीतही गप्प राहिले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना ते पटेना. तुझे जंतू हाकच मारत नसतील, मुक्याच्या मौनाचं कौतुक कसलं, असं त्या म्हणाल्या. महिनाअखेर पुरावा दे, नाहीतर टेबल रिकामं कर.

तर त्या फळीवर दोन बाटल्या होत्या, दोन्हींतलं पाणी पिवळट. एकीत जंतूंचं ताजं खाद्य. दुसरीत घोरपडीच्या जंतूंचं उष्टं पाणी, जंतू गाळून ठेवलेलं. मोज्याचा मोज्याला स्पर्श झाला, नव्याचं भान सुटलं, आणि त्याने भलतीच बाटली उचलली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर आला तो हातात काचेची नळी घेऊनच. ती मोरीत ओतली असती तर कुणाला कळलं नसतं, टेबलही मिळालं असतं.

"तुमच्या जंतूंचं उष्टं माझ्या जंतूंनी प्यायलं," तो म्हणाला. "चूक माझीच. पण जरा दिवा बंद करा..."

तिने केला. नळी हिरवी लखलखत होती. त्याचे जंतू तिच्याच जातीचे, पण तुकड्यात फेरफार न केलेले; ते हल्ल्याला उठले की उजळावेत, अशीच त्याने सोय केलेली होती.

"मूठभरच आहेत हो, पण वऱ्हाड उतरल्यासारखे पेटलेत."

तिने नळी डोळ्यांजवळ धरली. "म्हणजे... माझे जंतू हाका मारतात."

"मारतात. फक्त मनावर घेत नाहीत. मालकिणीवर गेलेत."

अंधार होता म्हणून बरं, नाहीतर तिचे गाल दिसले असते.

"उष्ट्याने माया वाढते म्हणतात," तो हळूच म्हणाला.

"तुमचं टेबल जाईल यात."

"जाऊ दे."

पण चुकून घडलेल्याला बाई पुरावा म्हणणार नाहीत, हे घोरपड जाणून होती. तिने पदर खोचला, म्हणजे कोटाच्या बाह्या दुमडल्या. नव्याला हाताशी धरून तीच चूक मुद्दाम केली, बाटल्यांवरची नावं झाकून, पुन्हा पुन्हा. ताज्या पाण्यात त्याचे मूठभर जंतू काळोखात बसले, उष्ट्यात उजळले. मग तिने आपल्या जंतूंनाही तशीच उजळायची सोय करून त्याच उष्ट्यात सोडलं. ते ढिम्म राहिले. हाका कानावर येत होत्या, तुकडा त्यांना हलू देत नव्हता.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, टेबल तुझंच.

नवा खोकं भरायला लागला. दुसरीकडे जागा बघतो म्हणाला, तेही हसून... पण ते हसू काही धड नव्हतं. घोरपड आली, तिने खोकं त्याच्या हातातून काढून घेतलं, आपलं सामान कोपराने सरकवलं आणि अर्ध्या टेबलावर ते दाणकन ठेवलं.

"बाईंना विचारावं लागेल," तो चाचरला.

"त्यांना सांगून आले. घरी आत्यालाही सांगितलं, आता माझ्यासाठी स्थळं बघू नकोस म्हणून," ती म्हणाली. "तूच तेवढा राहिला होतास."