ज्योत डोक्यावरून उतरवली तेव्हा

सुताच्या लडी सांडल्या त्या नेमक्या देवळाच्या पायरीवर, आणि तिथंच सगळं बिनसलं म्हणा… की जुळलं म्हणा!

महायुद्धाचे दिवस होते ते. वडगावात तेव्हा घरोघरी हातमाग, दिवसभर धोट्यांची खटखट, आणि सूत मात्र मिळता मिळत नसे. गेले ते दिवस! शहापूरची जयवंता वडगावातल्या आपल्या आत्यासाठी लडी उराशी धरून येत होती. चौंडेश्वरीच्या देवळापाशी तिला ठेच लागली, लडी पडल्या आणि असा गुंता झाला की पोरगी मटकन खालीच बसली. तेवढ्यात पायरीवरचा एक तरणाबांड गडी पुढं झाला. समोर उकिडवा बसून एकेक धागा सोडवायला लागला.

"कुणाच्या घरचं तुमी?" तिनं विचारलं.

तो नुसता हसला.

"नाव तरी सांगा की!"

मान खाली. कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद.

"अगं बाई… मुकं हाय व्हय बिचारं!" जयवंता हळहळली. मग काय, मुक्यापुढं कसली आलीय लाज? तिची जीभ जी सुटली, ती सुटलीच.

जत्रेपर्यंत तिचा मुक्काम आत्याकडंच होता. पाण्याला जाता-येता तो पायरीवर दिसायचा, आणि हिला थांबायला निमित्त सापडायचं. कधी पायात काटा, कधी घागर जड. सवालही तिचे, जबाबही तिचेच. तो भुवई उडवायचा, गालात हसायचा, आणि हिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

जत्रेच्या आदल्या सांजेला मात्र ती गप्प गप्पच आली.

"उद्या मला बघाय येणार हायती," ती हळूच म्हणाली. "निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला कारकून हाय. आईबा न्हाईत मला, मारुतीकाका म्हणतील ती पूर्वदिशा. पर मला न्हाय जायाचं… तुमास्नी सोडून न्हाय जायाचं." मग स्वतःच दचकली. "मुकं हायसा म्हणून बोलले हां! न्हायतर जीभ चावली असती, पर सांगितलं नसतं."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. आणि उठून तरातरा देवळात निघून गेला. आपण नको ते बोललो, त्याला दुखवलं, असं वाटून जयवंता घरापर्यंत डोळे पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि हलगी कडाडली. भंडाऱ्यानं पिवळाधमक झालेला, हातात तलवार, डोक्यावरच्या परातीत पिठाची पेटती ज्योत… असा एक गडी देवळातून नाचत बाहेर आला. पाय विजेसारखे, पण ज्योत हलेल तर शपथ! जयवंता बघतच राहिली. तोच तो. पुजाऱ्यानं हात वर केला, आणि त्या मुक्यानं आभाळ फाटेल अशी आरोळी ठोकली, "चौंडाईच्या नावानं चांगभलं!"

"आत्या, मुकं बोललं की गं!" जयवंता ओरडली.

"अगं, तो परसू. मुका कशाचा?" बायाक्का आत्या पोट धरून हसली. "ज्योत घेणाऱ्यानं पाच दिस मौन पाळायचं, पुजाऱ्यानं हात वर केला की सोडायचं, ही आमच्या पेठेची रीत. तू शहापूरची, तुला कोण सांगणार?"

नाच झाला की ज्योत दारोदार फिरे, आणि घरची लेक तिच्यात तेल घाली. आणखी एक रीत होती. डोक्यावर ज्योत असताना नाचणारा मागेल ते द्यायचं. देवीच मागते, नाही कसं म्हणायचं?

आत्याच्या कट्ट्यावर मारुतीकाका निपाणीच्या पाहुण्यांना घेऊन बसले होते. परसू दारात गुडघ्यावर बसला. जयवंता तेलाची वाटी घेऊन वाकली.

"फसवलंसा की मला!" ती पुटपुटली.

"मी कवा म्हटलं, मुका हाय म्हणून?"

"न्हाय म्हणून तरी कुठं म्हटलंसा?"

"बोलायची मुभा न्हवती. पाच दिस नुसतं ऐकलं… आता जलमभर ऐकावं वाटतंय."

"आनि… कालचं?"

"ते बी ऐकलं."

तिची वाटी अशी कलंडली की अर्धं तेल त्याच्या खांद्यावर!

परसू उठला. सारी पेठ बघत होती. त्यानं दोन्ही हातांनी परात उतरवली, कट्ट्यावर ठेवली, आणि काकांपुढं हात जोडले.

"काका, जयवंताला मला द्या."

पाहुणे चुळबुळले. काकांचा चेहरा लाल झाला. "येड्या, ज्योत डोक्यावर असताना मागतास तर मला न्हाय म्हणता आलं नसतं!"

"म्हणूनच उतरवली. मागणं माझं हाय, देवीचं न्हाय. न्हाय म्हणायला तुमी मोकळं हायसा."

काका पुतणीकडं वळले. "पोरी, तुझं काय म्हणणं?"

चारचौघांत, कट्ट्यावर, लग्नाचं असं कुठल्या पोरीला कोण विचारत होतं तेव्हा? पण आज गप्प बसलो तर जन्माचं गप्प बसावं लागेल, हे जयवंताला पक्कं कळलं.

"माझा जीव ह्येंच्यावर हाय, काका. मला निपाणीला धाडू नगासा."

काकांनी डोक्यावरचा रुमाल काढून डोळे टिपले आणि पाहुण्यांपुढं हात जोडले.

"पावणं, माफी करा. तुमास्नी बोलवायच्या आधी पोरीला इचारायचं… ते माझ्याकडनं राह्यलं हुतं."