नाडी न लागणारा पाय

तो चुकून माझ्या खोलीत शिरला. हातात औषधी रोपांचा ट्रे, आणि मागे पांढऱ्या फरशीवर लाल ठसे – फक्त उजव्या पावलाचे.

"हॉस्पिटलच्या बागेचं ऑफिस...?"

"पायातून रक्त येतंय तुमच्या."

"कुणाच्या?" म्हणत त्याने मागे वळून पाहिलं.

मधुमेहींचे पाय तपासणं हेच माझं काम. मी त्याला खुर्चीत बसवलं, टाचेतून नखाएवढी काच काढली, पट्टी बांधली. तो आपला माझ्याकडे बघून हसतोय.

"दुखलं नाही?"

"तुम्ही काढलीत ना. कसं दुखेल?"

"लाडीगोडी पुरे. शुगर आहे?"

"होती. आता साखर उतरवायला गुडमारचा पाला चावतो, स्वतः लावलेला. गोळ्या वर्षापूर्वीच सोडल्या."

मी नायलॉनचा बारीक तंतू उचलला. "डोळे मिटा. पायाला हा टेकला की 'हो' म्हणायचं."

"हो."

"अजून टेकवला नाही!"

"सराव करतोय."

मग दहाच्या दहा वेळा, अगदी अचूक – 'हो'. पाऊल मात्र हाताला गार लागत होतं. मला खरं वाटेना. अकराव्यांदा तंतू मी हवेतच धरला. करंगळीला लावावा की...

"हो," तो म्हणाला. "करंगळी."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "लावलाच नव्हता मी!"

त्याने डोळे उघडले. "पकडलंत. मला काहीच जाणवत नाही हो. टेकवण्याआधी तुम्ही श्वास रोखता, त्यावर म्हणत होतो." मग हळूच – "पण टेकवायचा नव्हता, तर श्वास का रोखलात?"

माझे कान तापले. मग एकदम लक्षात आलं. "आणि करंगळी कशी कळली?"

त्याचं हसू मावळलं. "ते... मलाही नाही कळलं."

रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र मी पायांवर धरलं. डाव्यात धपधप. उजव्यात काही नाही. जागा बदलली, पुन्हा धरलं. काहीच नाही.

"रक्तवाहिनी बुजत आलीय. आजच सर्जनकडे जायचं."

"महिनाभर पाला वाढवून बघतो."

"डॉक्टरांना विचारून खा हवा तर. पण बुजलेली वाहिनी त्याने उघडणार नाही. महिन्याने पाय कापावा लागेल."

"कापू दे." पहिल्यांदाच त्याचा आवाज थरथरला. "सकाळी उठलो की तो माझा वाटतच नाही. कुणीतरी अंथरुणात आणून ठेवल्यासारखा..."

"तुमचा नाही ना? मग मला द्या."

"काय?"

"पाय. आजपासून माझा. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार."

त्याने पट्टी बांधलेला पाय माझ्यापुढे सरकवला. "घेतलेला परत करायचा नाही हं."

"नाही करणार."

व्हीलचेअर मीच ढकलत लिफ्टमध्ये नेली. दार मिटलं. मी त्याच्या खांद्यावर ठेवलेल्या हातावर त्याने आपला हात ठेवला – आणि माझा उजवा पाय घोट्यापर्यंत गार पडला. जड. परका.

मी तो पाय झटकला नाही. जपून टेकवला, आणि सर्जनच्या मजल्याचं बटण दाबलं.