ओवाळणीतली आफ्रिका

“यू अँड मी आर स्टेइंग इन द रूम, आत्या! ओन्ली मम्मी अँड डॅडी गो सी द लायन्स!” चार वर्षांची नीना उड्या मारत म्हणाली, आणि आरशासमोर उभ्या असलेल्या आसावरीच्या हातातली नवी खाकी टोपी डोक्यावर चढायच्या आधीच थांबली.

कालपरवाच तर भाऊबीज झाली होती! नागपूरहून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत फ्रीमाँटला आलेल्या आपल्या थोरल्या बहिणीनं ओवाळल्यावर विनयनं तबकात पाकीट टाकलं नव्हतं, दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाजगी अभयारण्याचं रंगीत माहितीपत्रक ठेवलं होतं. “ताई, ही तुझी ओवाळणी! मार्चमध्ये सफारी, आपण चौघं!” आणि आसावरी, जन्मभर शाळेत भूगोल शिकवताना नकाशावर छडी ठेवून गवताळ प्रदेश दाखवत आलेली आसावरी, लहान मुलीसारखी हरखून गेली होती.

त्या हरखण्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. निघण्यापूर्वी नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, “मधुमेहानं पडदा फार बिघडलाय, बाई. काय पाहायचं असेल ते वर्ष-दोन वर्षांत पाहून घ्या.” परदेशात राबणाऱ्या भावाच्या जिवाला उगाच घोर कशाला, म्हणून तिनं ते पोटात ठेवलं. शेवटचं डोळे भरून पाहायला देवानं आफ्रिका पाठवली, एवढंच तिला वाटलं होतं...

नीनाचं बोलणं ऐकून तिची आई रेणू स्वयंपाकघरातून लगबगीनं आली. “ताई, मी सांगणारच होते हो... त्यांचा रूल आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना ओपन जीपमध्ये अलाउड नाही. आणि नीना अनोळखी बाईकडे राहतच नाही. म्हटलं, ताई आहेतच! लॉज खूप छान आहे, डेकवरूनही कधीकधी हत्ती दिसतात म्हणे.”

ताई आहेतच! आपल्या घराघरांत असं एक माणूस ‘आहेच’ असतं. त्याला कुणी काही विचारत नाही, कारण ते नाही म्हणणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. रेणू मनानं वाईट नव्हती, विनय तर नव्हताच. पण ओवाळणी म्हणून जे हातात पडलं ते दाईपण होतं, हे आसावरीला आता कळलं. तिनं टोपी घडी करून कपाटात ठेवून दिली.

संध्याकाळी विनय ऑफिसातून आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “विनू, माझे गुडघे काही त्या प्रवासाला साथ देणार नाहीत. तुम्ही दोघं जा. नीनाला घेऊन मी इथंच राहीन.”

“असं काय करतेस ताई? सगळं बुकिंग झालंय!” विनय वैतागून म्हणाला. “आणि तिथं तुला नुसतं आरामात बसायचंय. तशी तुला कुठे एवढी हौस आहे प्राण्यांची!”

हौस! इतकी वर्षं बांधून ठेवलेला बांध त्या एका शब्दानं फुटला.

“विनू, नैरोबीचं स्थळ आठवतं तुला?”

“ते मास्तर? तुला पसंत नव्हतं ना ते? तूच म्हणालीस, एवढ्या लांब कोण जाणार.”

“तू बारावीत होतास रे! आईबाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुला कुणाच्या गळ्यात टाकून जाणार होते मी? देवदत्त नाव होतं त्यांचं. म्हणाले होते, पहिल्या सुट्टीत तुम्हाला सिंह दाखवीन, पाणी पिणारा जिराफ दाखवीन...”

विनय तिच्या पायांशी बसला आणि बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. रेणूनं पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे टिपले. “ताई, मी आंधळा होतो!” विनय म्हणाला. “हे सगळं कॅन्सल करतो. नीना सहाची झाली की आपण सगळे एकाच जीपमधून जाऊ. तुला खोलीत बसवणार नाही मी!”

‘विनू, तेवढी वर्षं माझ्याकडे नाहीत रे... तुम्ही आळीपाळीनं बसा ना पोरीजवळ!’ शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याचा तो पश्चात्तापानं निवलेला चेहरा पाहून तिला ते बोलवेना. प्रायश्चित्तसुद्धा त्यानं तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं!

“बरं,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ती आलीच नाही, गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्या, दोन हजार आठच्या दिवाळीला आली ती विमानतळावर व्हीलचेअरवरून. पण इथं येणाऱ्या सगळ्यांच्याच आया व्हीलचेअर मागून घेतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. घर तिच्या पायांखालचं होतं, भिंतीला हात लावत ती दोन दिवस वावरली.

भाऊबीजेला विनय पाटावर बसला. रेणूनं तबक तिच्या हाती दिलं. आसावरीनं कुंकवाचं बोट पुढं केलं आणि ते विनयच्या भुवईला लागलं.

“आत्या, यू मिस्ड!” नीना खिदळली. विनयही हसला. मग त्यानं मान वर करून पाहिलं. ताई प्रेमानं हसत होती, पण त्याच्या कानामागच्या भिंतीकडे बघून! त्याचं हसू जागीच विरलं.

“ताई... कधीपासून?”

“तू आफ्रिकेची पहिली ओवाळणी घातलीस ना, त्याच्या आधीपासून माहीत होतं. आता उजेड तेवढा कळतो.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस!”

“इतका मनापासून रडत होतास रे... आणि मला तू विचारलंस कुठे?”

विनयनं कपाळ बडवून घेतलं. तबकात ठेवण्यासाठी आणलेली आफ्रिकेची चार तिकिटं त्यानं मागं ओढली. “कॅन्सल करतो हे. आधी इथल्या डॉक्टरांकडे—”

“खबरदार!” जन्मात पहिल्यांदा आसावरीचा आवाज चढला. “डॉक्टरांकडे ने, हवं तर रोज ने. पण एकदा ओवाळणी परत घेतलीस, आता नाही घ्यायची! मी जाणार. तू माझ्याशेजारी बसायचंस आणि दिसेल ते सांगायचंस. नकाशा काय मीच सांगायचा का जन्मभर?”

तिनं तबक पुढं केलं. विनयनं तिकिटं त्यात ठेवली.

“बरं, आता ते मागचं चित्रांचं माहितीपत्रक आण. शिकून घे.”

त्यानं माहितीपत्रक उघडलं. “हा... हा जिराफ आहे, ताई. मान खूप लांब—”

“मान लांब असते हे मी पोरींना शिकवलंय. आत्ता तो करतोय काय, ते सांग.”

विनयला चित्र दिसेना. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा नीट पाहिलं. “पाणी पितोय... पुढचे दोन्ही पाय फाकवून, खूप खाली वाकून.”

आसावरीच्या चेहऱ्यावर हळूच हसू उमटलं.

“हो,” ती म्हणाली. “देवदत्त तसंच म्हणाले होते.”